‘आय७’च्या नावावर विकला जाणारा संगणक

बारावीचे निकाल लागले, प्रवेशाची धावपळ सरत आली, की घरोघरी संगणकाचा विषय निघतो. अभ्यासासाठी संगणक हवा असतो आणि त्यावर गेमही नीट चालायला हवे असतात. घरातून पन्नास-साठ हजारांची मर्यादा ठरते आणि मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुकानापर्यंत चौकशी सुरू होते. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न एकच : प्रोसेसर कोणता? जाहिरातीतही तेच सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापलेले असते. ‘आय७, १६ जीबी रॅम, गेमिंग पीसी’ एवढ्या एका ओळीवर संगणक विकला जातो. हा आय७ कोणत्या पिढीचा, रॅमच्या पट्ट्या एक की दोन, ग्राफिक्स कार्ड कोणते, वीज पुरवणारा एसएमपीएस कोणाचा, यांतले काहीच त्या ओळीत नसते. माझे म्हणणे असे, की मोजक्या पैशांत गेमसाठी संगणक बांधताना प्रोसेसर कामाला पुरेल एवढाच घ्यावा, वाचलेला पैसा ग्राफिक्स कार्डात घालावा, आणि एसएमपीएस व मदरबोर्ड यांत काटकसर करू नये. ‘पुरेल एवढा’ म्हणजे किती, याला आवडीनिवडीचे नव्हे, चांगले पुराव्याचे उत्तर देता येते.

त्यासाठी गेम चालतो म्हणजे काय होते ते आधी पाहायला हवे. पडद्यावर हलणारे चित्र म्हणजे एकामागून एक येणाऱ्या स्थिर चौकटी, ज्यांना गेम खेळणारे ‘फ्रेम’ म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी संगणकाला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर जेमतेम ७. या वेळात प्रोसेसर ठरवतो की खेळाडू कुठे आहे, गोळी कोणाला लागली, शत्रू कुठे वळणार, कोणती भिंत कोसळणार, आणि शेवटी ‘हे हे रंगव’ अशी सूचनांची यादी ग्राफिक्स कार्डाकडे देतो. प्रत्यक्ष रंगवणे हे कार्डाचे काम. साध्या फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्या प्रत्येकाचा रंग, त्यावरचा प्रकाश आणि सावली काढावी लागते. फुल एचडीवरून ‘१४४०पी’ पडद्यावर गेले की ठिपके ३६ लाख ८६ हजार ४०० होतात. कार्डाचे काम पावणेदोन पटींहून अधिक वाढते, प्रोसेसरचे मात्र जवळजवळ तेवढेच राहते, कारण शत्रूची संख्या पडद्याच्या आकाराने वाढत नाही. या दोघांपैकी जो मागे पडेल तो फ्रेमचा वेग ठरवतो. दिसायला भरजरी अशा बहुतेक नव्या गेममध्ये, बेताच्या किमतीच्या संगणकावर, मागे पडणारे असते ते ग्राफिक्स कार्ड. अशा वेळी प्रोसेसर दुप्पट महाग घेतला तरी तो आपले काम लवकर उरकून कार्डाची वाट पाहत बसतो, आणि त्या वाट पाहण्याचे पैसे ग्राहकाने मोजलेले असतात.

आता नावाकडे येऊ. इंटेलने कोअर आय७ हे नाव २००८ पासून वापरले, त्यामुळे त्या नावाखाली जमीन-अस्मानाचा फरक असलेले प्रोसेसर बाजारात फिरत आहेत. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या आय७-२६०० मध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड होते. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१००एफ मध्येही ४ कोअर आणि ८ थ्रेडच आहेत, पण प्रत्येक कोअरचा वेग इतका वाढला आहे की हा ‘लहान’ आय३ त्या ‘मोठ्या’ आय७ ला सहज मागे टाकतो. इतके जुने अंतर घ्यायचीही गरज नाही. जानेवारी २०१७ मध्ये आय७-७७००के अमेरिकेत ३३९ डॉलरला आला आणि घरगुती गेमसाठी तेव्हा त्याच्याहून चांगला प्रोसेसर सांगणे कठीण होते. २०२० मध्ये इंटेलनेच १२२ डॉलरचा आय३-१०१०० आणला, तेवढ्याच कोअरचा, तेवढ्याच थ्रेडचा आणि कामगिरीत जवळपास तसाच. तीन-साडेतीन वर्षांत ‘आय७’ची ताकद ‘आय३’च्या किमतीत आली. तरीही कार्यालयांतून निघालेल्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीच्या आय७ यंत्रांना रंगीत दिव्यांचे कॅबिनेट चढवून ती ‘गेमिंग’ म्हणून विकली जातात, कारण नाव अजूनही भारदस्त वाटते. या यंत्रांची अडचण फक्त वेगाची नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या आय७ मध्ये ‘एव्हीएक्स२’ नावाच्या सूचनाच नाहीत आणि काही नवे गेम त्यांच्याशिवाय सुरूच होत नाहीत. विंडोज १० ची नियमित सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्या पुढचा प्रोसेसर लागतो. आपल्याकडच्या मुलांचा आवडता व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय खेळू देत नाही. म्हणजे ज्या खेळासाठी यंत्र घेतले तोच उद्या बंद पडण्याची शक्यता त्या जुन्या आय७ बरोबर घरी येते.

मग नवा आणि मोठा प्रोसेसर घेतला तर? परीक्षणांतले आलेख पाहून अनेकांचा असा ग्रह होतो की महागडा प्रोसेसर गेममध्ये दीडपट-दुप्पट फ्रेम देतो. हे आलेख खोटे नसतात, पण ते कसे काढतात हे समजून घ्यायला हवे. प्रोसेसरमधला फरक दिसावा म्हणून परीक्षक मुद्दाम त्या वेळचे सगळ्यांत ताकदवान ग्राफिक्स कार्ड लावतात, आरटीएक्स ४०९० सारखे, आणि पडदा फुल एचडी ठेवतात. त्यामुळे कार्डाची अडचण दूर होते आणि प्रोसेसरची धाव उघडी पडते. प्रोसेसर तपासण्याची ती रास्त पद्धत आहे. पण साठ हजारांच्या संगणकात ४०९० नसते, तिथे ४०६० किंवा त्याखालचे कार्ड असते, आणि त्या कार्डावर ग्राफिक्स चढे ठेवून खेळताना आलेखातले ते अंतर बरेचसे मिटून जाते. किमती मात्र मिटत नाहीत. आय३-१२१००एफ ची अमेरिकेतली मूळ किंमत ९७ डॉलर होती, आय९-१४९००के ची ५८९ डॉलर. या दोहोंतल्या फरकाच्या पैशांत २९९ डॉलरचे आरटीएक्स ४०६० घेऊनही १९३ डॉलर उरतात. मोठा प्रोसेसर म्हणजे निदान निर्धास्तपणा, असेही म्हणता येत नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे प्रोसेसर गेम खेळताना अडखळतात, बंद पडतात, अशा तक्रारींनी २०२४ गाजले. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचे कंपनीने मान्य केले, दुरुस्तीचे मायक्रोकोड दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झालेली झीज मायक्रोकोडने भरून निघत नाही. सगळ्यांत बोलबाला झाला तो आय९ ग्राहकांच्या तक्रारींचा, म्हणजे ज्यांनी सर्वाधिक पैसे मोजले होते त्यांच्याच.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. ग्राफिक्स कार्ड पुढेमागे बदलता येते, प्रोसेसर बदलणे कटकटीचे असते, शिवाय पुढचे गेम जास्त कोअर मागतील, तेव्हा आजच मोठा प्रोसेसर घेऊन ठेवलेला बरा, असे सांगितले जाते. यातल्या कोअरच्या भागाला इतिहासाने एक ठणठणीत उत्तर दिले आहे. एएमडीने ऑक्टोबर २०१२ मध्ये एफएक्स-८३५० आणला, ‘८ कोअर, ४ गिगाहर्ट्झ’ अशी जाहिरात केली, आणि ‘पुढे गेम आठ कोअर वापरतील तेव्हा हाच उपयोगी पडेल’ या भरवशावर पुष्कळांनी तो घेतला. गेममध्ये तो इंटेलच्या चार कोअरवाल्या आय५ च्या मागेच राहिला, कारण त्याचे एकेक कोअर मंद होते आणि दोन-दोन कोअर काही भाग वाटून घेत होते. आठ कोअरच्या दाव्यावरून कंपनीविरुद्ध अमेरिकेत खटला झाला आणि २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरची तडजोड झाली. कोअर किती यापेक्षा ते कसे आहेत, हे आधी पाहावे लागते. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्ही कन्सोलमध्ये ८ कोअर आहेत, म्हणून गेमसाठी आठ कोअर हवेतच, असाही युक्तिवाद होतो. पण ते कोअर एएमडीच्या २०१९ च्या ‘झेन २’ रचनेचे आहेत आणि प्लेस्टेशन ५ मध्ये ते जास्तीत जास्त ३.५ गिगाहर्ट्झवर धावतात. रायझन ५ ५६०० मध्ये कोअर ६ आहेत, पण ते पुढच्या ‘झेन ३’ रचनेचे आहेत, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातात आणि त्यांच्या जोडीला ३२ एमबी कॅशे आहे. म्हणून माझ्या मते आजची तळाची रेषा अशी : २०२० किंवा त्यानंतरच्या रचनेचे ६ कोअर आणि १२ थ्रेड. एएमडीकडे रायझन ५ ५६०० किंवा ७५००एफ, इंटेलकडे आय५-१२४००एफ. चार कोअरचा आय३ फारच हात आखडता असेल तरच घ्यावा, कारण काही नव्या गेममध्ये तो सरासरी फ्रेम बऱ्या देऊनही मधूनच झटके देतो, आणि खेळणाऱ्याला त्रास सरासरीचा होत नाही, झटक्यांचा होतो.

आक्षेपातला दुसरा भाग, प्रोसेसर बदलणे कटकटीचे असते हा, मात्र खरा आहे. त्यावरचा उपाय महाग प्रोसेसर हा नाही. उपाय आहे मदरबोर्डवरचे सॉकेट विचारपूर्वक निवडणे. २०१७ मध्ये दोन ग्राहक काय काय घेऊ शकत होते ते पाहा. एकाने त्या वेळचा सर्वोत्तम आय७-७७००के आणि त्याला साजेसा झेड२७० बोर्ड घेतला. त्याच वर्षी इंटेलची आठवी पिढी आली, सॉकेटचे नाव तेच एलजीए ११५१ राहिले, तरी कंपनीने जुन्या बोर्डांवर ते प्रोसेसर चालू दिले नाहीत. पुढे जायचे तर प्रोसेसरसोबत बोर्डही बदलणे आले. दुसऱ्याने त्याहून स्वस्त रायझन ५ १६०० आणि बी३५० बोर्ड घेतला. सुरुवातीची काही वर्षे गेममध्ये तो पहिल्याच्या मागे होता, हे कबूल करायला हवे. पण एएम४ हे सॉकेट एएमडीने वर्षानुवर्षे टिकवले, आणि २०२२ मध्ये जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही रायझन ५००० चे दार उघडून दिले. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने नवे बायोस दिले असेल, तर त्याच बोर्डात आणि त्याच रॅमसह ५८००एक्स३डी बसवून हा ग्राहक पहिल्याच्या कितीतरी पुढे निघून गेला. आज हीच तुलना एएम५ आणि एलजीए १७०० यांच्यात आहे. इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० सोबत एलजीए १८५१ आणले, त्यामुळे एलजीए १७०० बाराव्या ते चौदाव्या पिढीवर जवळजवळ थांबले आहे. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ, असे एएमडीने जाहीर केले आहे. आज ७५००एफ घेऊन तीन-चार वर्षांनी, किमती उतरल्यावर, त्याच बोर्डावर ९८००एक्स३डी सारखा प्रोसेसर बसवता येईल. आज नव्याने बांधणाऱ्याला परवडत असेल तर मी एएम५ च सुचवीन.

‘परवडत असेल तर’ ही अट मात्र सध्या मोठी आहे, आणि तिचे कारण रॅम. एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. मायक्रॉनसारख्या उत्पादकाने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या ग्राहकोपयोगी मालाच्या व्यवसायातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. डीडीआर४ लाही या चढत्या भावाची झळ लागली, पण ज्यांच्या घरी जुन्या संगणकातल्या डीडीआर४ च्या पट्ट्या पडून आहेत, त्यांच्यासाठी ५६०० आणि बी५५० बोर्ड किंवा १२४००एफ आणि डीडीआर४ चालणारा बोर्ड, हा हिशेब आजही सरस ठरू शकतो. बाजार असा हलता असताना ‘हे घ्या, ते घ्या’ अशी तयार यादी दोन महिन्यांत शिळी होते. प्रमाण टिकते. संगणकाच्या पेटीला, म्हणजे पडदा, की-बोर्ड वगळता, जेवढा खर्च करायचा त्यातला निम्म्याच्या जवळ जाणारा वाटा ग्राफिक्स कार्डाचा असावा आणि प्रोसेसरचा त्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी, असा माझा आडाखा आहे. रॅम महागली म्हणून पट्टी एकच घ्यायची, हे मात्र करू नये. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवते, दोन पट्ट्या जोडीने लावल्या की ५१.२ जीबी. १६ जीबीची एक घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन घ्याव्यात.

नावाच्या फसवणुकीबद्दल प्रोसेसरविषयी जे म्हटले, ते ग्राफिक्स कार्डालाही लागू आहे, किंबहुना तिथे सापळे जास्त आहेत. एन्व्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आले आणि पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड विकायला ठेवले गेले. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी देते, दुसऱ्याची १७ च्या आत. खोक्यावर नाव तेच. आरटीएक्स ३०५० चे ८ जीबीचे कार्ड २०२२ चे, ६ जीबीचे २०२४ चे, आणि फरक फक्त दोन जीबीचा नाही, आतले रंगवणारे कोअरही २५६० वरून २३०४ वर आणले आहेत. एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटी मध्ये फक्त ४ जीबी मेमरी आहे आणि बोर्डाशी जोडणाऱ्या पीसीआयई वाहिन्या फक्त चार. पीसीआयई ४.० वर हे कसेबसे निभते, पण ५६००जी किंवा ५५०० या प्रोसेसरसोबत पीसीआयई ३.० च मिळते आणि त्या चार वाहिन्यांचा वेग निम्मा होतो. कागदावर दोन्ही भाग ‘बजेटमधले’, पण एकत्र आले की एकमेकांना मारक. असे जोड दुकानात सर्रास लावले जातात. नव्याने घेताना ८ जीबी मेमरी ही खालची मर्यादा धरावी. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम : द डार्क एजेस’ यांसारखे गेम रे ट्रेसिंग करू शकणाऱ्या कार्डाशिवाय चालतच नाहीत, म्हणून कितीही स्वस्त मिळाले तरी जीटीएक्स मालिकेतले जुने कार्ड आता नव्या गेमसाठी घेऊ नये. माझ्या मुख्य मुद्द्याला छेद देणारे एक उदाहरणही इथे सांगायला हवे. इंटेलचे आर्क बी५८० हे १२ जीबी मेमरीचे कार्ड डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आले आणि त्याचे कौतुक झाले, पण लवकरच असे दिसले की त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो आणि जुन्या किंवा साध्या प्रोसेसरसोबत कार्डाची कामगिरी घसरते. म्हणजे ‘पुरेल एवढा प्रोसेसर’ हे माप निवडलेल्या कार्डावरही थोडे अवलंबून असते.

एसएमपीएसबद्दल लिहिताना मला विशेष आग्रह धरावासा वाटतो, कारण हा भाग कोणालाही दिसत नाही, त्याने फ्रेम वाढत नाहीत आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री इथेच लागते. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेले असते. खरी ताकद पाहायची तर त्याच लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते बघून त्याला १२ ने गुणावे. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही प्रामुख्याने त्याच १२ व्होल्टवर जगतात, आणि हा गुणाकार पुष्कळदा छापलेल्या आकड्याच्या बराच खाली येतो. ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र चांगले, पण ते विजेची काटकसर मोजते. व्होल्टेज चढल्यावर एसएमपीएस स्वतः बंद होऊन बाकीचे भाग वाचवील की नाही, हे ते सांगत नाही. म्हणून नामांकित कंपनीचा, निदान पाच वर्षांच्या वॉरंटीचा, ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. ११५ वॅटचे आरटीएक्स ४०६० आणि सहा कोअरचा प्रोसेसर यांना तो भरपूर होतो, ७५० वॅटची गरज नाही. ज्या गावांत वीज दिवसातून अनेकदा जाते-येते आणि व्होल्टेज वरखाली होते, तिथे हा खर्च टाळणे म्हणजे पुढच्या नुकसानीला आमंत्रण आहे. यूपीएसचेही तेच. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. गेम चालू असताना पडद्यासकट त्या आकड्याजवळ जाणारा संगणक वीज गेली की यूपीएस असूनही बंद पडू शकतो. उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपार जातो. पंखे खोलीतलीच हवा आत घेतात, त्यामुळे खोली जितके अंश तापेल जवळपास तितकेच अंश आतले भागही जास्त तापतात. परदेशी परीक्षणांतली तापमाने वीस-बावीस अंशांच्या खोलीतली असतात, हे लक्षात ठेवून कॅबिनेट पुढून जाळीचे घ्यावे. काचेच्या बंद तोंडाचे कॅबिनेट दिसायला देखणे असते, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यासाठी ते नाही.

प्रोसेसरची बाजू खरोखर भक्कम आहे अशा दोन जागा आहेत. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे स्पर्धात्मक गेम कार्डावर फार भार टाकत नाहीत. तिथे खेळाडू चित्राची शोभा कमी करून सेकंदाला दोनशे-तीनशे फ्रेम मागतो आणि मग प्रोसेसर व त्याची कॅशे निर्णायक ठरतात. पण त्या फ्रेम दाखवणारा पडदाही तसा हवा. साठ हर्ट्झच्या पडद्यावर तीनशे फ्रेमचा फारसा उपयोग नाही. म्हणून जो मुलगा गंभीरपणे स्पर्धेत उतरतो आहे त्याने पैसे वरच्या प्रोसेसरआधी १४४ किंवा १६५ हर्ट्झच्या पडद्यात घालावेत, सहा कोअरचा चांगला प्रोसेसर तेवढ्या फ्रेम आरामात देतो. दुसरी जागा अभ्यासाची आणि कामाची. पालकांचा प्रश्न रास्त असतो, की संगणक केवळ खेळासाठी नाही, प्रोग्रॅमिंग आहे, व्हिडिओ एडिटिंग आहे, तिथे कोअर लागतात ना? मोठे सॉफ्टवेअर कंपाइल करणे किंवा रोजच्या रोज तासनतास व्हिडिओ रेंडर करणे हा ज्याचा व्यवसाय आहे त्याला आठ-बारा कोअरचा उपयोग होतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे पायथन, जावा, कॅड हे काम सहा कोअरवर उत्तम चालते, आणि व्हिडिओ एडिटिंग किंवा मशीन लर्निंग शिकताना चांगले ग्राफिक्स कार्डच जास्त वेळ वाचवते. ज्यांच्याकडे आज कार्डासाठी पैसेच नाहीत, त्यांनी रद्दी कार्ड घेण्यापेक्षा ८६००जी सारखा, आत बऱ्यापैकी ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन वर्ष-दीड वर्ष थांबावे. अशा प्रोसेसरला रॅम हीच चित्राची मेमरी असते, त्यामुळे इथे दोन पट्ट्यांचा आग्रह अधिकच. आणि नावाच्या शेवटचे अक्षर पाहावे : ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही आणि कार्डाशिवाय पडद्यावर काहीच येणार नाही.

त्याच पैशांत लॅपटॉप का नको, असेही विचारले जाते. वसतिगृहात राहणाऱ्याला लॅपटॉपशिवाय पर्याय नसेल तर प्रश्न मिटला. पण लॅपटॉपवर लिहिलेले ‘आरटीएक्स ४०६०’ डेस्कटॉपच्या कार्डाशी सारखे समजू नये. एन्व्हिडियाने लॅपटॉपच्या ४०६० ला ३५ ते ११५ वॅट अशी मोकळीक दिली आहे, आणि एकाच नावाचे दोन लॅपटॉप त्यामुळे गेममध्ये बरेच वेगळे वागतात. शिवाय त्यात पुढे ना कार्ड बदलता येते ना प्रोसेसर.

राहिला सेकंडहॅण्डचा मार्ग. तो वाईट नाही, मध्यमवर्गीय घरांसाठी कित्येकदा तोच सर्वांत शहाणपणाचा असतो. इथेरियम या आभासी चलनाने १५ सप्टेंबर २०२२ ला ग्राफिक्स कार्डावरचे आपले मायनिंग, म्हणजे कार्डे अहोरात्र चालवून ते चलन मिळवणे, बंद पाडले आणि जगभर वापरलेल्या कार्डांचा पूर आला. त्यातली बरीच कार्डे अजून हातोहात फिरत आहेत. मायनिंगचे कार्ड म्हणजे मेलेले कार्ड असे नाही, पण त्याचे पंखे आणि थर्मल पेस्ट दमलेले असतात, म्हणून दुकानातच अर्धा तास एखादा जड गेम चालवून तापमान आणि चित्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. प्रोसेसर सेकंडहॅण्ड घ्यायला हरकत नाही, तो क्वचितच बिघडतो, फक्त वर सांगितलेले तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे इंटेल प्रोसेसर टाळावेत. एसएमपीएस मात्र नवाच घ्यावा. आणि नवे असो वा जुने, बिल घ्यावे. बिल नाकारणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. अठरा टक्के जीएसटी वाचतो म्हणून कच्च्या पावतीवर संगणक घेणारे पुढे वॉरंटीसाठी कंपनीच्या सेवा केंद्रात गेल्यावर अडकतात. ‘गेमिंग पीसी, आय७’ एवढेच लिहिलेले बिलही पुरेसे नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस या प्रत्येकाचे पूर्ण मॉडेल नाव आणि सिरीयल क्रमांक वेगवेगळ्या ओळींत हवेत. पैसे देण्याआधीच अशी यादी मागावी, ती घरी आणून शांतपणे तपासावी, आणि जो दुकानदार ती लिहून द्यायला तयार नसेल त्याच्याकडून संगणक घेऊ नये.